दिवाणखान्यातील डबी कोणाच्या आज्ञेत?

गेल्या दिवाळीत डोंबिवलीच्या एका जुन्या स्नेह्यांकडे फराळाला जाण्याचा योग आला. घर तीन पिढ्यांचे. थोरल्या चिरंजीवांनी पाडव्याच्या मुहूर्तावर पंचावन्न इंची दूरचित्रवाणी संच आणला होता आणि त्याच्या पाठीमागे अंगठ्याएवढी एक कांडी खोचली होती. या कांडीतून महाजालावरचे चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने असे सारे काही घरात येते, हे नातवाने मला मोठ्या उत्साहाने करून दाखविले. चित्र खरोखरच नितळ होते.

फराळ आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, हळूच एक विषय काढला. १९९२ मध्ये त्यांच्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन झाले होते. तेव्हा भाड्याने कॅमेरावाला बोलावून केलेले चित्रीकरण व्हीएचएस कॅसेटवर होते. दोन-तीन वर्षांपूर्वी पैसे मोजून ते संगणकावर चालेल असे करून घेतले आणि एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवून दिले. "एवढा मोठा पडदा आणलाच आहे, तर आईला एकदा पाहू या," नाना म्हणाले. चिरंजीवांनी ती कांडी दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिली. "नाना, याला पेन ड्राइव्ह लावायला जागाच नाही हो." मग पेन ड्राइव्ह संचाच्याच पाठीमागील खाचेत लावून झाला. चित्र आले, पण हलणाऱ्या माणसांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत होत्या. आवाज तर मुळीच नव्हता. या प्रकारचा ध्वनी या संचावर चालत नाही, अशी एक ओळ तेवढी पडद्यावर उमटली. शेवटी आम्ही सात-आठ माणसे नातवाच्या मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलो आणि तळहाताएवढ्या काचेवर त्या माउलीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या.

अर्ध्या जगाच्या मालिका दाखविणाऱ्या यंत्राला घरची आजी तेवढी दाखविता आली नाही. हा प्रसंग काही केल्या मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा यंत्राला बाजारात स्ट्रीमिंग प्लेअर म्हणतात. वस्तुतः तो एक चिमुकला संगणकच असतो. एका टोकाने तो घरातील वाय-फायला जोडलेला, दुसऱ्या टोकाने एचडीएमआयच्या खाचेतून दूरचित्रवाणी संचाला. गंमत अशी की, या यंत्राच्या दोन जाती एकाच वर्षी बाजारात उभ्या होत्या. २००८ मध्ये अमेरिकेत रोकू कंपनीने नेटफ्लिक्सचे चित्रपट घरच्या पडद्यावर आणणारी पेटी काढली. त्याच वर्षी हार्ड डिस्क बनविणाऱ्या वेस्टर्न डिजिटलने डब्ल्यूडी टीव्ही नावाची पेटी काढली. तिला आपली हार्ड डिस्क जोडायची आणि आपल्याजवळची छायाचित्रे, चित्रफिती, गाणी पडद्यावर पाहायची. पहिली पेटी बाहेरचे घरात आणणारी, दुसरी घरातले घरच्यांना दाखविणारी. बाजारात पहिल्या जातीची सरशी झाली. २०१३ मध्ये गुगलने अवघ्या ३५ डॉलरला क्रोमकास्ट आणले. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आले, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना मिळू लागली. दुसरी जात मागे पडली, आणि दुकानात गेलेल्या गृहस्थाला तिची आठवणही कोणी करून देत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, मध्यमवर्गीय घराने प्लेअर घेताना या दुसऱ्या जातीचे गुण आधी तपासावेत. पहिल्या जातीचे गुण हल्ली जवळजवळ प्रत्येक डबीत असतातच.

संच स्वतःच 'स्मार्ट' असताना वेगळा प्लेअर कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर व्यवहाराचे आहे. संचाचा पडदा दहा वर्षे सहज टिकतो, मात्र त्याच्या आतील संगणक तीन-चार वर्षांत थकतो आणि त्याला नवी प्रणाली मिळेनाशी होते. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या सॅमसंग संचांवरील आणि जुन्या रोकू पेट्यांवरील आपली सेवा बंद केली. अशा वेळी चार-पाच हजारांची डबी बदलणे परवडते, पन्नास हजारांचा संच बदलणे परवडत नाही. ज्यांच्या घरी दहा वर्षांपूर्वीचा, पण एचडीएमआयची खाच असलेला संच आहे, त्यांनी तो भंगारात काढण्याची घाई मुळीच करू नये.

आता खोक्यावर छापलेल्या 'एचडी' आणि '४के' या अक्षरांविषयी. पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनते. साध्या एचडीमध्ये सुमारे ९ लाख २१ हजार ठिपके असतात, फुल एचडीमध्ये २० लाख ७३ हजार, तर ४केमध्ये ८२ लाख ९४ हजार. आकडे भव्य आहेत. पण डोळ्यालाही मर्यादा असते. पंचावन्न इंची पडद्यासमोर सात फुटांहून दूर बसलेल्या माणसाला फुल एचडी आणि ४के यांतील ठिपक्यांचा फरक जवळजवळ जाणवत नाही. बत्तीस इंची संच असेल, तर चार फुटांपलीकडेच तो संपतो. आपल्या दिवाणखान्यातील सोफा आणि भिंत यांच्यामधील अंतर एकदा टेपने मोजावे आणि मगच दुकानदाराचे ऐकावे. ४केचे चित्र मागविण्यास दर तासाला सात जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, फुल एचडीला तीनपर्यंत. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिटांचा वेग पुरतो, ४केसाठी १५ लागतो. चित्र अडखळते तेव्हा आपण कंपनीला दोष देतो. पण पुष्कळदा दोष राउटर आणि संच यांच्यामध्ये उभ्या असलेल्या दोन भिंतींचा असतो. शक्य असेल तेथे नेटवर्कची तार थेट प्लेअरपर्यंत ओढून घ्यावी. ती एकदा ओढली की, पुन्हा तिच्याकडे पाहावे लागत नाही.

खोक्यावर '४के' लिहिले म्हणजे ४के दिसेलच असे नाही, ही गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून या सेवा कुलूपबंद चित्र पाठवितात. त्यांतील एक प्रमुख कुलूप म्हणजे गुगलचे वाइडवाइन. त्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची, म्हणजे एल१ची, मान्यता ज्या प्लेअरला नाही, त्याला बड्या सेवा साध्या, धूसर दर्जाचेच चित्र देतात. यंत्र ४केचे, संच ४केचे, मासिक वर्गणीही ४केची आणि डोळ्यांसमोर मात्र जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचे चित्र, असा प्रकार होतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी त्या यंत्राला एल१ची आणि आपण पाहतो त्या सेवांची अधिकृत मान्यता आहे का, एवढे स्पष्ट विचारावे. दुकानदार गोंधळला, तर दुसरे दुकान पाहावे.

येथपर्यंतचे कोणीही जाणता पुतण्या-भाचा सांगू शकेल. नानांच्या पेन ड्राइव्हचे काय, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे बहुधा नसते. कारण त्याच्या पिढीने व्हीएचएस कॅसेट हातात धरलेली नाही.

आपल्या देशातील दूरचित्रवाणी आणि व्हीसीआर पाल या पद्धतीचे होते. त्यात सेकंदाला २५ चित्रे असत आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगविले जाई. आधी विषम ओळी, मग सम ओळी. जुन्या काचेच्या नळीवर ते मिसळून जाई. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवितो. त्यामुळे दोन हप्त्यांच्या मधल्या क्षणात हललेला हात करवतीसारखा दिसू लागतो. नानांच्या घरी झाले ते हेच. चांगला प्लेअर हे दोन हप्ते जुळवून घेतो. इंग्रजीत या क्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात. दुसरे असे की, आजची बरीचशी यंत्रे जन्मतः सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने चालतात. आपल्या २५ चित्रांचा भाग ६०ला पुरा जात नाही, म्हणून लग्नाची वरात चालताना मध्येच ठेचकाळल्यासारखी दिसते. प्लेअरच्या मांडणीत ५० हर्ट्‌झचा पर्याय असला किंवा मूळ चित्राच्या वेगाशी आपोआप जुळवून घेण्याची सोय असली, की वरात पुन्हा सरळ चालू लागते. ही सोय फुकट असते, पण ती आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहायला हवे.

आवाजाची कथा निराळी आहे. चित्र आणि ध्वनी साठविण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि त्यांतील काहींसाठी यंत्र बनविणाऱ्याला परवान्याचे पैसे मोजावे लागतात. खर्च वाचविण्यासाठी काही उत्पादक डीटीएससारख्या पद्धतींचा परवाना घेतच नाहीत. मग चित्र बोलत नाही. यावर सोपा उपाय आहे. व्हीएलसी किंवा कोडी हे मोफत आणि मुक्त कार्यक्रम ज्या प्लेअरवर बसविता येतात, तो घ्यावा. व्हीएलसीचा जन्म फ्रान्समधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला. कोडी तर खेळ खेळण्याच्या पेटीवर चित्रपट पाहता यावेत, या हौसेतून निर्माण झाले. दोन्हींचा उगमसंकेत सर्वांस खुला आहे आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. नानांच्या कॅसेटीसारखी चित्रफीत हे कार्यक्रम आवाजासकट, करवतीचे दाते काढून दाखवितात.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भाषेची. उपशीर्षके देवनागरीत असतील, तर पुष्कळ प्लेअर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दाखवितात, अथवा जोडाक्षरे फोडून टाकतात. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या संकेतात साठवली आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा टंक असला, की हा प्रश्न सुटतो. दुकानात जाताना 'आजीचे सहस्रचंद्रदर्शन' असे स्वच्छ मराठी नाव दिलेली एक चित्रफीत पेन ड्राइव्हवर घेऊन जावी आणि ती तेथेच लावून दाखवा म्हणावे. दहा जाहिराती वाचून जे कळत नाही, ते या दोन मिनिटांत कळते. पेन ड्राइव्ह लावायला खाचच नसेल, तर प्रश्न तेथेच निकालात निघाला. तथापि ज्यांनी अशी कांडी आधीच घेतली आहे, त्यांनीही हताश होण्याचे कारण नाही. पुष्कळ राउटरांना हार्ड डिस्क जोडता येते. नाही तर घरातील जुना संगणक साठ्यासाठी राखून ठेवावा. मग कांडीवरचे व्हीएलसी वाय-फायवरूनच त्या साठ्यापर्यंत पोहोचते. साठा मात्र दोन ठिकाणी ठेवावा, एक आपल्या घरी आणि एक मुलीच्या वा भावाच्या घरी. हार्ड डिस्क कधी बंद पडेल हे कोणी सांगत नाही.

स्वतःच्या साठ्याचा एवढा आग्रह का, याचे कारण केवळ भावनेत नाही. या सेवांवर आपण पाहतो ते आपले नसते. निर्मात्याशी असलेला करार संपला की चित्रपट एका रात्रीत नाहीसा होतो. 'विकत घेतलेल्या' गोष्टींचीही शाश्वती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळविले की, त्यांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षाअखेर त्यांच्या संग्रहातून काढले जातील. ओरड झाल्यावर करार वाढला आणि तो निर्णय मागे घेण्यात आला. पण विकत घेणे या शब्दाचा अर्थ किती पातळ झाला आहे, हे त्यातून दिसले. यंत्राचेही तसेच. मार्च २०२५ मध्ये एका अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली आणि दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकाच दिवशी मुकी झाली. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठविली, हे मान्य. पण धडधाकट यंत्र दूरदेशीच्या एका तारखेने बंद पडू शकते, हे ध्यानात ठेवावे. याउलट उदाहरणही आहे. एनव्हिडिया कंपनीच्या २०१५ मधील शिल्ड या प्लेअरला २०२५ मध्येही नवी दुरुस्ती मिळाली. यंत्राची किंमत विचारण्याबरोबर ते किती वर्षे सांभाळले जाईल, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्राला तरी अधिक सांगण्याची गरज नसावी. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची अनेक रिळे भस्मसात झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, म्हणून 'संत तुकाराम'सारखे चित्रपट आपण आजही पाहू शकतो. प्रत्येक घराचे संग्रहालय मात्र त्या घरालाच चालवावे लागते.

आता एका मोहाविषयी स्पष्ट बोलतो. बाजारात दोन-अडीच हजारांना 'सगळे चॅनेल, सगळे सिनेमे आयुष्यभर फुकट' असे सांगून काही अनामिक पेट्या विकल्या जातात. चांगल्या घरांतूनही त्या दिसतात, हे खेदाने लिहावे लागते. फुकट चित्रपट म्हणजे चोरीचा चित्रपट. मराठी निर्माता घर गहाण ठेवून चित्रपट काढतो आणि आपण एकीकडे मराठी चित्रपटाला चित्रपटगृह मिळत नाही म्हणून हळहळायचे, दुसरीकडे त्याचीच चोरलेली प्रत पाहायची, हे शोभणारे नाही. नैतिकतेचे सोडा, स्वार्थ तरी पाहावा. अशा पेट्यांपैकी काहींमध्ये कारखान्यातून निघतानाच घातक आज्ञावली दडविलेली असते. 'बॅडबॉक्स' या नावाने हे प्रकरण २०२३ मध्ये उघडकीस आले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या नव्या अवताराबद्दल जाहीर इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात गुगलने न्यायालयात दावा लावताना अशा बाधित यंत्रांची संख्या एक कोटीच्या वर असल्याचे सांगितले. अशी पेटी आपल्या घरातील जोडणी परक्यांना वापरायला देते. उद्या आपल्या घराच्या पत्त्यावरून कोणी गुन्हा केला, तर पोलीस प्रथम आपल्याच दाराशी येणार.

नामांकित कंपन्यांची यंत्रेही अगदी सोवळी नाहीत. अमेरिकेत व्हिजिओ कंपनीचे संच प्रेक्षक काय पाहतात, याची नोंद संमतीवाचून मालकाकडे पाठवीत होते. १ कोटी १० लाख संचांचा हा प्रश्न होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तो मिटविला. म्हणून यंत्र सुरू करताना आपल्या आवडीनिवडी नोंदविण्यास, जाहिराती आपल्याला साजेशा करण्यास संमती मागणारे जे पर्याय येतात, ते वाचून नाकारावेत. दहा मिनिटे जातात, जाऊ द्यावीत. मुले असलेल्या घरांनी आणखी एक काम करावे. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनुसार भारतातील या सेवांना कार्यक्रमांची वयानुसार वर्गवारी करणे आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढे पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक आहे. कुलूप दिलेले असते, पण किल्ली फिरविलेली नसते. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोयही बंद करता येते, आणि ती बंद केल्याने रात्रीच्या जेवणाची वेळ पुन्हा घराच्या हाती येते, असा माझा अनुभव आहे.

स्वदेशीचा प्रश्न या लेखाच्या वाचकाच्या मनात येणारच. त्याला सरळ उत्तर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने फायर टीव्ही स्टिक चेन्नईत बनविण्याची घोषणा केली. त्यातून हातांना काम मिळते, ही चांगलीच गोष्ट. परंतु कोणता कार्यक्रम पहिल्या ओळीत दिसावा, कोणती जाहिरात झळकावी आणि यंत्र कधी निवृत्त व्हावे, याचा निर्णय चेन्नईत होत नाही. डबीवर भारतात बनविल्याचा शिक्का असला, तरी आज्ञा दुसऱ्याचीच चालते. त्या मानाने परदेशी चिपवर चालणारे, पण मुक्त कार्यक्रम स्वीकारणारे आणि आपल्या डिस्कला वाट देणारे यंत्र मला अधिक आपले वाटते. काहींना हे पटणार नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' ही आपली सेवा सुरू केली. दूरदर्शनचा जुना ठेवा तिच्यावर आहे. ती आपल्या प्लेअरवर चालते का, हेही दुकानात विचारून घ्यावे. आपण विचारले नाही, तर चालवून दाखविण्याची गरज कोणालाही वाटणार नाही.

नानांच्या घरची हकिकत अपुरी राहिली. चिरंजीवांनी कांडी परत केली नाही. ती आता शयनगृहातील जुन्या संचाऐवजी, सर्वांच्या आग्रहामुळे, नानांच्या धाकट्या भावाच्या दिवाणखान्यात गेली. तिच्या जागी पेन ड्राइव्हची खाच आणि तारेची जोडणी असलेली, थोडी महाग अशी डबी आली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा पंचावन्न इंची पडद्यावर ओव्या चालू होत्या. चित्र जुन्या कॅसेटीचेच, पुसट. चार लाख ठिपक्यांचे चित्र ताणून मोठे केलेले. आवाजात भाड्याच्या कॅमेऱ्याची घरघर होती. नाना जवळ सरकून बसले होते आणि नातू प्रत्येक चेहऱ्याचे नाव त्यांना विचारून वहीत लिहून घेत होता. निम्मी नावे फक्त नानांनाच ठाऊक होती.

कपाटात अजून सात कॅसेटी आहेत. दोहोंच्या फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. त्या चालवायला चांगला व्हीसीआर हवा आणि जगातील शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्येच त्यांचे उत्पादन थांबविले. चिरंजीव सध्या दर रविवारी जुन्या वस्तूंच्या दुकानांत फिरत आहेत.